रोल डीप ऐकायचं कसं: अल्बम नंतर, आधी रेडिओ

ग्राइम, म्हणजे पूर्व लंडनमध्ये जन्मलेलं, वेगवान ठेक्यावर शब्द म्हणायचं संगीत, ऐकायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी एका कलाकाराचं नाव सांगत नाही, एका क्रूचं, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या गटाचं सांगते: रोल डीप. आणि लगेच बजावते की नाव टाकल्यावर जे गाणं सगळ्यात वर येईल ते लावू नका. वर येतं ते २०१० चं ‘गुड टाइम्स’. ब्रिटनच्या चार्टवर ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणं वाईट नाही. पण तिथून सुरुवात केलीत तर रोल डीप म्हणजे उन्हाळ्यातल्या पार्ट्यांसाठी गाणी करणारा एक पॉप ग्रुप, असा समज होईल आणि तो पुसायला वेळ लागेल. पूर्व लंडनच्या बो भागातली पोरं २००२ मध्ये एकत्र येऊन एका माइकवर आळीपाळीने काय करत होती, ते त्या गाण्यात ऐकूच येत नाही.

रोल डीप रेडिओवर घडला. त्यांचं सगळ्यात जिवंत काम अल्बमवर नाही, बेकायदा रेडिओ स्टेशनवरून थेट गेलेल्या तास-दोन तासांच्या सेट्समध्ये आहे, म्हणजे डीजे ट्रॅक लावतो आणि बाकीचे माइकवर म्हणतात अशा कार्यक्रमांत. म्हणून खाली जो क्रम देते आहे तो अल्बमच्या सालांचा नाही. मी स्वतः ध्वनिमुद्रणाचं काम करते, त्यामुळे माझा कल आवाजाकडून माणसांकडे जाण्याचा. रोल डीपच्या बाबतीत तोच रस्ता सोयीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी कुणाचाही आवाज नको

पहिले काही दिवस फक्त वाद्यसंगीत ऐका, एमसी, म्हणजे माइकवर शब्द म्हणणारा, नसलेलं. सुरुवात वायलीच्या ‘एस्किमो’ने करा. वायली म्हणजे रिचर्ड कावी, रोल डीप उभा करणारा. त्याआधी तो ‘पे ॲज यू गो कार्टेल’ या गराज क्रूमध्ये होता. त्यांचं ‘शँपेन डान्स’ २००२ मध्ये चार्टवर १३ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. गराज हे चकचकीत संगीत: उत्तम कपडे, शँपेन, गोड गळ्याच्या गायिका. ‘एस्किमो’ त्याच्या अगदी उलट आहे. कॉर्ग ट्रायटन या कीबोर्डवर केलेला पोकळ, घसरत जाणारा बेस, थोडे टकटक आवाज, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. सूर कमी, गारठा जास्त. वायलीने आपल्या ट्रॅकना नावंही तशीच दिली: ‘इग्लू’, ‘आइस रिंक’. या सगळ्या शैलीला तो एस्कीबीट म्हणायचा.

मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नका, कारण त्यात बेस येतच नाही. बेस गेला की मागे उरतात नुसते टिचक्यांसारखे आवाज, आणि माणूस म्हणतो, यात आहे काय? बरे हेडफोन लावा. मग वायलीचे डेव्हिल मिक्स शोधा. ड्रम पूर्ण काढून टाकलेल्या आवृत्त्यांना त्याने हे नाव दिलं होतं. ड्रम नसताना नुसता बेस किती एकाकी वाटतो ते ऐकलंत की मूळ ट्रॅकमध्ये ठेका किती कमी आणि किती नेमका आहे ते आपोआप लक्षात येतं. त्यानंतर डॅनी वीडचा ‘क्रीपर’ लावा. रोल डीपचा आवाज एकट्या वायलीने घडवला, असं बरेचदा लिहिलं जातं. ते मला पटत नाही. डॅनी वीड आणि डीजे टार्गेट हे दोघं वायलीचे लहानपणापासूनचे सोबती, आणि क्रूच्या संगीतात त्यांचा मोठा वाटा आहे.

हे ट्रॅक तेव्हा व्हाइट लेबलवर निघायचे: मधल्या गोल कागदावर काही छापलेलं नाही, अशा १२ इंची रेकॉर्ड. वायली त्या गाडीच्या डिकीत भरून दुकानादुकानांतून स्वतः विकायचा. मोठी कंपनी नाही, जाहिरात नाही. बो भागातल्या रोमन रोडवर ‘ऱ्हिदम डिव्हिजन’ नावाचं दुकान होतं, ते या सगळ्या मंडळींचा अड्डा. २०१० मध्ये ते बंद झालं.

मोजायला शिका

हा भाग टाळू नका. कंटाळवाणा वाटला तरी पुढचं सगळं यावर उभं आहे.

ग्राइमचा वेग मिनिटाला साधारण १४० ठोके असतो. चार ठोक्यांचा एक बार. म्हणजे एका बारला जेमतेम पावणेदोन सेकंद लागतात, आणि आठ बारना १४ सेकंदांच्या आतबाहेर. या संगीताची रचना बहुतेक वेळा आठ-आठ बारच्या तुकड्यांत असते. आठ बार झाले की बेसची चाल बदलते, नवा आवाज येतो किंवा क्षणभर सगळं थांबतं. सुरुवातीला काही जण या प्रकाराला ‘एट बार’ असंच म्हणत.

तबल्याची थोडी सवय असेल तर काम सोपं आहे. आठ बार म्हणजे ३२ मात्रा, तीनतालाची बरोबर दोन आवर्तनं. हातावर टाळी देत दोन आवर्तनं मोजा. तिसऱ्याच्या समेवर ट्रॅकमध्ये काही ना काही बदलतं. चार-पाच वेळा हे जमलं की पुढे मोजावं लागत नाही, शरीरच सांगतं. एमसींनाही असंच कळतं. स्टुडिओच्या कोंदट खोलीत उभ्या असलेल्या माणसाला माइक कधी मागायचा आणि कधी पुढच्याकडे द्यायचा हे कुणी खुणावून सांगत नाही. आठ किंवा सोळा बार संपत आले की हात पुढे येतोच.

आता सेट लावा

‘रोल डीप’, ‘रिन्स एफएम’ आणि २००२ ते २००५ मधलं एखादं साल टाकून शोधा. श्रोत्यांनी घरी कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवलेले सेट मिळतात. आवाज खराब असेल, खरखर असेल, मध्येच दुसरं स्टेशन घुसेल. साफ केलेली प्रत शोधत बसू नका. ती खरखर रिन्सच्या इतिहासाचाच भाग आहे.

रिन्स एफएम १९९४ मध्ये जीनियस आणि स्लिम्झी यांनी मित्रांसोबत सुरू केलं, परवाना नसताना. पायरेट रेडिओ चालवायचा म्हणजे उंच सरकारी इमारतीच्या गच्चीवर चोरून एरियल लावायचा. तो सरकारी माणसं काढून नेणार किंवा दुसऱ्या स्टेशनवाले चोरणार, की पुन्हा वर चढायचं. स्लिम्झी हा त्या काळातला माझ्या मते सर्वोत्तम ग्राइम डीजे, आणि गच्च्यांवर चढणाराही तोच. तो पकडला गेला आणि २००५ मध्ये त्याच्यावर असा आदेश निघाला की टॉवर हॅम्लेट्स या पूर्व लंडनच्या भागातल्या उंच इमारतींच्या गच्चीवर त्याने पाऊल ठेवायचं नाही. रिन्सला अधिकृत परवाना मिळाला तो २०१० मध्ये. सेट ऐकताना हे मनात असू द्या: माइकवर बोलणाऱ्या कुणालाच आज रात्री प्रक्षेपण शेवटपर्यंत टिकेल याची खात्री नव्हती. त्या घाईचा त्यांच्या बोलण्याच्या वेगाशी संबंध आहे असं मला फार वाटतं.

सेट पहिल्यांदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा कागद घ्या. मी करते ते असं: पानावर चार उभे रकाने. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात ट्रॅक ओळखू आला तर त्याचं नाव, तिसऱ्यात माइक कुणाकडे, चौथ्यात काय घडलं. सगळा सेट नको, मधली दहा मिनिटं पुरेत. आठ बार झाले की तिसऱ्या रकान्यात एक छोटी आडवी रेघ मारायची. दहा मिनिटांत त्या रेघांची एक नक्षी तयार होते आणि मग दिसायला लागतं की कुणी सोळा बार घेतो, कुणी आठमध्येच सोडतो, कुणी दुसऱ्याच्या शेवटच्या शब्दावर स्वतःचा पहिला शब्द टेकवतो. दोघंतिघं मिळून एखाद्याच्या ओळीचं शेपूट मोठ्याने म्हणतात, तेही लिहा. ती ओळ बाकीच्यांना पाठ आहे याचा अर्थ ती आधी कितीतरी सेट्समध्ये तावूनसुलाखून निघालेली आहे.

चौथ्या रकान्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रीलोड. एखादी ओळ किंवा एखादा ट्रॅक असा बसला की सगळे ओरडतात, डीजे रेकॉर्ड उलटी फिरवतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावतो. ग्राइममध्ये दाद म्हणतात ती हीच. गडी किती मोठा हे विक्रीवरून ठरत नव्हतं, त्याच्या ओळीवर किती वेळा चकती मागे फिरली यावरून ठरत होतं. दाद देण्यात घरचे श्रोतेही सामील असत. स्टेशनच्या मोबाइलला मिस्ड कॉल द्यायचा, पैसे जात नाहीत, आणि एमसी त्या नंबरचे शेवटचे तीन आकडे माइकवर वाचून दाखवायचा. सेटमध्ये मध्येच तीन आकडे ऐकू आले तर तो कुणीतरी बोच्या फ्लॅटमध्ये रेडिओला कान लावून बसलेला मुलगा किंवा मुलगी आहे. मला हे आकडे ऐकायला ओळींइतकेच आवडतात.

आवाज वेगळे काढा

सुरुवातीला सगळे सारखेच वाटतील. एकदम दहा जण ओळखायला जाऊ नका, एका वेळी एक घ्या.

फ्लोडॅन सगळ्यात सोपा. खर्जातला आवाज, जमैकन वळण, आणि सगळे धावत असताना हा चालतो. दोन शब्दांमध्ये थांबायला घाबरत नाही. त्याच्यानंतर रीको डॅन घ्या, कारण या दोघांची गल्लत होते. रीकोही जमैकन बोलीतून येतो, पण त्याचा आवाज हलता आहे. तो मध्येच गाण्याच्या अंगाने जातो, धमकी देता देता सुरात शिरतो. जामाकाबीकडे डान्सहॉल या जमैकन संगीताचा ठसका आणखी उघड आहे. बो आणि आसपासच्या घरांमध्ये कॅरिबियनहून आलेली दुसरी-तिसरी पिढी होती, साउंड सिस्टिमची, म्हणजे मोठे स्पीकर लावून गर्दीसमोर रेकॉर्ड वाजवण्याची परंपरा घरातलीच. रीलोड, डबप्लेट (डीजेसाठी खास कापलेली रेकॉर्ड), माइक हाती घेऊन गर्दीला पेटवणं हे सगळं तिथून आलं आहे. अमेरिकन हिपहॉपच्या मोजपट्टीने ग्राइमला मोजणारे लोक हे विसरतात आणि मग त्यांना ओळी तोकड्या वाटतात.

वायली उंच पट्टीत, अस्वस्थ, तीच ओळ थोडी फिरवून पुन्हा पुन्हा म्हणणारा. डिझी रास्कल त्याहून चिरका, किंचाळी आणि बोलणं यांच्या मधला. तो मोजक्याच सुरुवातीच्या सेट्समध्ये सापडेल. आणि ट्रिम. ट्रिमला सगळ्यात शेवटी ठेवा. तो ठोक्यावर नीट बसतच नाही, वाक्य अर्धं सोडतो, बाजूला गप्पा मारल्यासारखा बोलतो, आणि आपण म्हणतो हा चुकला, तेवढ्यात शेवटचा शब्द नेमका जागेवर आणून ठेवतो. माझ्या दृष्टीने क्रूमधला सगळ्यात वेगळा लेखक तोच. आठ बारच्या रेघा मारण्याची सवय ट्रिमच्या वेळी सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण चौकट ठाऊक असली तरच तो ती कशी वाकवतो ते कळतं.

शब्द सगळे कळणार नाहीत. लंडनची बोली, जमैकन बोली, इस्टेटमधली, म्हणजे सरकारी घरांच्या वसाहतीतली आपसातली भाषा, सगळं एकत्र आणि वेगात. पहिल्या महिन्यात अर्थाच्या मागे लागू नका. ज्या ओळीवर रीलोड झाला तेवढीच ओळ घ्या आणि तिचा अर्थ शोधा.

अल्बमकडे

आता ‘इन ॲट द डीप एंड’ लावा. २००५ मध्ये रिलेंटलेस या कंपनीने तो काढला. सेट ऐकून आलात तर ‘व्हेन आय एम इअर’ लगेच ओळखीचं वाटेल, कारण त्यात रेडिओचीच पद्धत आहे: एकामागून एक एमसी, माइक फिरता. ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये तोच काळोख. आणि याच अल्बमवर ‘द ॲव्हेन्यू’ आहे, ‘द मेझनेट्स’च्या १९८२ च्या ‘हार्टएक ॲव्हेन्यू’ या गाण्याचा तुकडा घेऊन केलेलं, हसरं, उन्हातलं. ते ११ व्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बमचे हे दोन चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत अशी तक्रार तेव्हाही होती. ती खरी आहे, पण त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं.

२००५ च्या लंडनमध्ये ग्राइमचे कार्यक्रम करणं कठीण होतं. मेट्रोपॉलिटन पोलिसांनी त्याच वर्षी फॉर्म ६९६ आणला. कार्यक्रम करणाऱ्याने कलाकारांची नावं-पत्ते आधी द्यायचे. सुरुवातीच्या नमुन्यात संगीत कुठल्या प्रकारचं आणि येणारे लोक कुठल्या वंशाचे, असेही प्रश्न होते. ग्राइम म्हटलं की क्लबवाले नको म्हणायचे. हा फॉर्म २०१७ मध्ये रद्द झाला, म्हणजे बारा वर्षं चालला. गंमत नव्हे, संताप यावा अशी गोष्ट ही की त्याच पोलिसांच्या ट्रायडंट विभागाच्या बंदूकविरोधी मोहिमेसाठी रोल डीपने ‘बॅडमॅन’ केलं होतं. स्वतःच्या शहरात मंच मिळत नसेल, तर रेडिओवर दिवसा वाजेल असं गाणं करून पाहणं हा पोट चालवण्याचा साधा मार्ग आहे. ‘द ॲव्हेन्यू’ला मी त्या नजरेने ऐकते आणि मला ते आवडतं.

‘रूल्स अँड रेग्युलेशन्स’ (२००७) आणि ‘रिटर्न ऑफ द बिग मनी साउंड’ (२००८) हे नंतर सवडीने ऐका. पहिला जास्त कडक आहे आणि रेडिओच्या जवळचा. दोन्हींपैकी एकच ऐकायचा असेल तर तो.

आता ‘गुड टाइम्स’ लावायला हरकत नाही. मे २०१० मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि ऑगस्टमध्ये ‘ग्रीन लाइट’ही. गायिका जोडी कॉनरचा गोड कोरस, हाउस या नाचाच्या संगीताचा सरळ ठेका, एमसींना थोडीथोडी जागा. संगीत म्हणून मला त्यात फारसं सापडत नाही. पण ज्यांनी कोऱ्या लेबलच्या रेकॉर्ड डिकीतून विकल्या त्यांचं एका वर्षात दोनदा देशात पहिलं येणं, ही गोष्ट मी कुणाला हसण्यावारी नेऊ देत नाही.

बाहेर पडलेल्यांच्या मागे जा

रोल डीपचा प्रभाव मोजायचा तर त्यांच्या विक्रीचे आकडे बाजूला ठेवून, कोण कोण इथून गेलं ते लिहा.

डिझी रास्कल सगळ्यात आधी गेला. २००३ च्या उन्हाळ्यात सायप्रसमधल्या आयिया नापा इथे त्याच्यावर चाकूहल्ला झाला. त्यानंतर त्याचे आणि वायलीचे मार्ग वेगळे झाले. त्याच वर्षी त्याच्या ‘बॉय इन दा कॉर्नर’ या अल्बमला मर्क्युरी हा ब्रिटनमधला मानाचा अल्बम पुरस्कार मिळाला. टिंची स्ट्रायडर हा धाकट्यांपैकी. २००९ मध्ये ‘नंबर वन’ हे त्याचं गाणं खरोखर पहिल्या क्रमांकावर गेलं. टॉटेनहॅमचे दोघे भाऊ, स्केप्टा आणि जेएमई, काही काळ रोल डीपमध्ये होते आणि त्यांनी २००५ मध्ये ‘बॉय बेटर नो’ हा स्वतःचा क्रू सुरू केला. स्केप्टाच्या ‘कोनिचिवा’ला २०१६ चा मर्क्युरी मिळाला. डीजे टार्गेट बीबीसी रेडिओ वन एक्स्ट्रावर गेला, म्हणजे पायरेट स्टेशनवर शिकलेला माणूस देशाच्या अधिकृत रेडिओवरून पुढच्या पिढीची गाणी लावू लागला. आणि फ्लोडॅनला स्क्रिलेक्स व फ्रेड अगेन यांच्याबरोबरच्या ‘रम्बल’साठी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. ‘रम्बल’च्या आधी त्याचं ‘द बग’ या निर्मात्याबरोबरचं २००७ चं ‘स्केंग’ ऐका, त्यात एमसी किला पीसुद्धा आहे. फ्लोडॅनने सोळा वर्षांत आपली चाल बदलली नाही, बाकीचं जग त्याच्याकडे सरकलं.

वायलीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ग्राइम उभं करण्यात त्याच्याइतका हात कुणाचाच नाही. २०२० मध्ये त्याने समाजमाध्यमांवर ज्यूंविरुद्ध द्वेषाचं लिखाण केलं. व्यवस्थापकांनी त्याला सोडलं, आणि २०१८ मध्ये मिळालेला एमबीई हा किताब २०२४ मध्ये काढून घेण्यात आला. ते लिखाण घृणास्पद होतं आणि ‘एस्किमो’ किती मोठा आहे हे सांगून त्याची भरपाई होत नाही. मी नवीन ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी आधीच सांगते. कुणी त्याचे ट्रॅक वगळायचे ठरवले तर रीको, ट्रिम, फ्लोडॅन, मँगा, डॅनी वीड यांच्या कामातूनही रोल डीप ऐकता येतो.

लंडनला गेलात तर बो चर्च स्टेशनला उतरून एक चक्कर मारा. मी शेजारच्या माईल एंडला शिकत होते तेव्हा हा रस्ता माझा रोजचा होता. क्रॉसवेज इस्टेटच्या तीन उंच इमारती दिसतील, तिथले लोक त्यांना थ्री फ्लॅट्स म्हणतात. दक्षिणेकडे मान वळवली की कॅनरी वॉर्फच्या बँकांच्या काचेच्या इमारती, चालत जाता येईल इतक्या जवळ. या पोरांच्या खिडकीतून रोज तेच दिसत होतं. मग रोमन रोडवर या आणि बाजाराच्या दिवशी या, म्हणजे रस्ता गजबजलेला मिळेल.

त्यानंतरचा क्रू घ्यायचा असेल तर रफ स्क्वॉड घ्या. त्याच भागातले, वयाने लहान, टिंची मुळात त्यांच्यातला. त्यांच्या गोतावळ्यातल्या एक्सटीसीचा ‘फंक्शन्स ऑन द लो’ हा ट्रॅक २००४ चा. त्यावरच रॅपर स्टॉर्मझीने २०१५ मध्ये ‘शट अप’ केलं. पद्धत हीच ठेवा: आधी ट्रॅक, मग सेट, मग कागद.